चौथ्या ओळीतलं सातवं

३ ऑक्टोबर
पोचलो एकदाचा ड्राय फोर्कला! कॉलेज सुटलं (सुटलं कसलं, मास्तरांशी हमरीतुमरी करून मीच लाथाडलं), बाबा माझ्याशी बोलत नाहीत, पण आज मी खुशीत आहे. ऑर्विल ट्वाइटच्या शेडमागे खोली मिळालीय, चूल आहे, खिडकीतून खडीची खाण दिसते. काम काडतुसं भरायचं. मला बघून म्हातारा म्हणाला, काय प्रोफेसर, हात स्वच्छ धुता येतात का? तेवढं येत असेल तर बाकीचं मी शिकवीन. रात्री हरणाच्या मटणाचं चिली, म्हणजे दाट रस्सा, केला त्याने, ओठ भाजले इतकं तिखट.
फळीवर एक अर्धी कोरी वही सापडली. पुढून कुणाचे तरी नेमबाजीचे आकडे आहेत. ते कोण वाचतो! मी उलटी करून मागून लिहायला घेतलीय.

५ ऑक्टोबर
झाडलेली पितळी नळकांडी धुवायची, बुडाला नवी टिकली बसवायची, आत मापाने दारू, वर शिशाची गोळी दाबायची. वाटतं सोपं. पण ऑर्विलचे नियम देवळातल्यासारखे. पन्नास भोकांचा लाकडी ठोकळा असतो, दहा-दहाच्या पाच ओळी. दारू न भरलेलं नळकांडं त्यात पालथं उभं करायचं, भरलं की सुलटं. उलटं म्हणजे रिकामं, हे तो दिवसातून दहादा म्हणतो. पन्नास झाली की प्रत्येकात बॅटरी मारून बघायचं. मध्येच उठलास किंवा डोकं तापलं, तर सगळी ओतून पहिल्यापासून.
मी विचारलं, एखादं रिकामं राहिलं तर? म्हणाला, नुसत्या टिकलीच्या जोराने गोळी नळीत अर्ध्यावर जाऊन अडकते. आवाज बसका येतो. तिथे थांबलास तर वाचलास. दुसऱ्यांदा चाप ओढलास तर बंदूक तोंडावर फुटते. म्हणून खाणीत नवी काडतुसं तपासताना एकाने झाडायची, दुसऱ्याने प्रत्येक बार कसा झाला ते लिहायचं.
मग वजन करून रिकामं ओळखता येत नाही का? हसला. पितळच कमीजास्त असतं बाळा, काटा फक्त मनाचं समाधान करतो.

७ ऑक्टोबर
मार्नी. नाव लिहिलं तरी छाती धडधडते. चौकातल्या हॉटेलात वाढते. मी हकलबेरी पायचा, त्या फळं भरून भाजलेल्या गोड पदार्थाचा, तिसरा तुकडा मागितला तेव्हा म्हणाली, पाय आवडतोय की इथली खुर्ची? सगळं हॉटेल हसलं. मी कानापर्यंत लाल.
क्लेट रुडिगर म्हणून एक आहे, तिचा जुना. कोर्टाने त्याला तिच्यापासून लांब राहायला सांगितलंय, तरी त्याचा ट्रक रोज तिच्या घरासमोरून रेंगाळत जातो. तिच्याकडे आजोबांचं अडतीसचं रिव्हॉल्व्हर आहे, पण दुकानातली काडतुसं तिच्या मनगटाला झेपत नाहीत. दोन बारात हात थरथरायला लागतो म्हणे. हलकी भरून देशील का, असं तिने मला विचारलं. ऑर्विलला नाही. मला!

८ ऑक्टोबर
ऑर्विलने साफ झिडकारलं. जीव वाचवायचं काडतूस दुकानातूनच घ्यावं, हलकीही मिळतात तिथे, सांग तिला. आपल्या हातचं दुसऱ्याला द्यायचं नाही, आणि प्रेमात पडलेल्याने तर टेबलाला शिवूही नये. मी म्हटलं, तुम्ही कधी कुणासाठी भरली नाहीत? तो उठून बाहेर गेला. थंडीत, डोक्यावर टोपीसुद्धा न घेता.

१० ऑक्टोबर
पहाटे ऑर्विलच्या छातीत दुखायला लागलं. गाडीत घालताना माझी बाही धरून म्हणाला, पोरीसाठी भरू नकोस. बिलिंग्जच्या हॉस्पिटलात नेलंय. टेबल आता माझं.

११ ऑक्टोबर
भरली. पन्नास. चौथ्या ओळीत अर्ध्यावर होतो तेवढ्यात फाटकाशी क्लेटचा ट्रक थांबला. काच खाली करून ओरडला, काय रे शाळकऱ्या, तिच्यासाठी खाऊ भरतोयस का? मी पाना घेऊन धावलो. तो हसत निघून गेला. टेबलाशी परत बसलो. कुठवर आलो होतो, शेवटचं सुलटं केलेलं भरलं होतं का, काही आठवेना. पुढची भरली. शेवटी सगळी सुलटीच दिसली. ऑर्विलच्या नियमाने सगळी ओतायला हवी होती. बॅटरीही मारायला हवी होती. पण डोक्यात नुसती आग होती, आणि उद्या डबी तिच्या हातात द्यायची होती. गोळ्या बसवून टाकल्या. डबीतही तशाच दहा-दहाच्या ओळींत लावली, बूड वर, टोक खाली.

१२ ऑक्टोबर
सकाळी डबी उघडली तर एक काडतूस उलटं. टोक वर. चौथ्या ओळीतलं सातवं. घाईत मीच ठेवलं असेल. सरळ केलं.
मार्नीला सुट्टी नाही, रविवारी येते म्हणाली.

१३ ऑक्टोबर
पुन्हा. तेच भोक, तसंच टोक वर. उंदीर? उंदीर काय डबीचं झाकण लावून जातो?
सगळी काट्यावर घातली. वजनं जवळपास सारखी. काटा काय करतो ते माहीत आहे मला.

१४ ऑक्टोबर
ते सातवं खूण करून पहिल्या ओळीच्या टोकाला लावलं, तिथलं सातव्या जागी. डबीला चिकटपट्टीचे तीन वेढे. कपाटाला कुलूप, किल्ली गळ्यात.
दुपारी बघतो — पट्टी जशीच्या तशी. आत ते पुन्हा आपल्या जागी. उलटं.
शेडमध्ये बाईच्या हाताचा वास येतोय. हातसाबण आणि शिसं.

१५ ऑक्टोबर
हॉटेलात सहज विचारलं, ऑर्विलची बायको? मार्नी म्हणाली, इर्मा. बावीस वर्षं झाली जाऊन, खाणीत अपघात झाला. कसला ते म्हातारा कुणाशीच बोलला नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाली, असा काय दिसतोस, भूत बघितल्यासारखा? मी हसलो. तीही हसली, तरी डोळे खिडकीबाहेर. ट्रक उभा होता.

१६ ऑक्टोबर
इर्माला मी इथे नकोय. तिच्या नवऱ्याच्या टेबलाशी बसतो म्हणून जळते. आज डबी उघडली तेव्हा ते एकच नुसतं उलटं नव्हतं — हलत होतं. जड ट्रक गेल्यावर खिडकी थरथरावी तसं. मी जोरात दाबून सरळ केलं. ओरडलो, काय हवंय तुला? उत्तर म्हणून —
बॅटरी. टेबलावरची बॅटरी आपोआप पेटली.
बाहेर पळालो.

१७ ऑक्टोबर
झोप नाही. डबी खाणीत फेकून द्यावी? पण क्लेटने काल तिच्या दाराची काच फोडली. तिला मी शब्द दिलाय. मागे हटलो तर ती म्हणेल, कॉलेजसारखंच हेही अर्ध्यावर सोडलं याने.
नाही फेकत.

१८ ऑक्टोबर, रविवार, दुपार, खाणीत
मार्नी आली. डबी उघडून म्हणाली, अरे वेंधळ्या, हे एक उलटं का? आणि स्वतःच्या हाताने सरळ केलं.
ती झाडणार, मी लिहिणार. हाताशी हीच वही. तिच्या कानांवर जाड झाकणं. सहा-सहा भरतेय, पहिल्या ओळीपासून.
१ ते ६ — ठीक. मनगट स्थिर. मागे वळून हसली!
७ ते १२ — ठीक.
१३ ते १८ — ठीक. उगाच घाबरलो होतो.
१९ ते २४ — ठीक.
पान संपलं. मागून लिहीत लिहीत त्या जुन्या लिखाणाला येऊन भिडलो. तिकडची अक्षरं माझ्याकडून उलटी दिसतायत. २५ ते ३० — ठीक. वही फिरवली. ऑर्विलचंच अक्षर. वर लिहिलंय, इर्मासाठी, हलकी. पन्नास. मग ठीक, ठीक, ठीक —
३१ ते ३६ — ठीक. ती भरतेय.
त्याची शेवटची ओळ — ३७, आवाज बसका. पुढे काही नाही. कोरं.
तीन ओळी म्हणजे तीस. चौथीतलं सातवं —
उलटं म्हणजे — इर्मा जळत नव्हती, ती मला दाखवत हो —
३७ — आवाज बस
मार्नी थां