परातीतला फ्लॉवर आणि बेटावरच्या गोगलगायी

आई, परवा तज्ज्ञांचं उत्तर आलं. नवीनच आहेत! लक्षद्वीपातल्या एका बेटाभोवती आजवर कुणीच न नोंदवलेल्या, बिनशंखाच्या समुद्री गोगलगायींच्या दोन जाती तुझ्या या पोरीने शोधल्या. मी इतक्या जोरात ओरडले की खालच्या मजल्यावरच्या काकू काय झालं म्हणून वर आल्या.

नीट सांगते, ऐक. आमच्या गटात सगळे पाण्याखाली उतरणारे, आणि मी ठाण्याच्या नौपाड्यात वाढलेली, पोहण्याची बोंब. ते रोज हवेची टाकी पाठीला लावून जायचे, बोटभर रंगीत गोगलगायींचे फोटो घेऊन यायचे, आणि जुन्या नोंदी उघडल्या की त्या सगळ्या आधीच कुणीतरी पाहून ठेवलेल्या. मी किनाऱ्यावर डब्यांना चिठ्ठ्या चिकटवत बसलेले. नवीन काही मिळालं नाही तर माझं काम तिथेच संपणार होतं. दादा फोनवर म्हणाला, घोडबंदर रोडला एवढे क्लास आहेत, बारावीचं बायो शिकव, निदान घरी जेवशील तरी. मला भयंकर राग आला, कारण त्याचं बरोबर वाटायला लागलेलं.

शेवटच्या दिवशी ओहोटीला गुडघाभर पाण्यात उभी होते. पायाला हिरवं शेवाळ लागत होतं आणि एकदम आपलं स्वयंपाकघर आठवलं. तू दवाखान्यातली ड्युटी संपवून येतेस, पर्स खुंटीला अडकवतेस, फ्लॉवरचे तुरे परातीत मीठ-हळदीच्या पाण्यात टाकतेस. मी ओट्याला नाक लावून अळी शोधतेय, तुरे उचकटतेय. तू हातावर चापट मारतेस.

"ढवळू नकोस गं. गप उभी राहा. जीव गुदमरला की ती आपणहून वर येते."

आणि मग काकूंना वैतागून सांगतेस, ही भाजीपेक्षा अळीकडेच जास्त बघते, हिचं कसं होणार.

झालं की छान! मी ओंजळी भरभरून शेवाळ गोळा केलं, पांढऱ्या ट्रेमध्ये समुद्राच्याच पाण्यात सोडलं (मीठ घालायची गरजच नव्हती) आणि सावलीत ठेवलं. ही युक्ती आमच्या पुस्तकांतही आहे. मोठ्या, रंगीत गोगलगायींच्या नादात आम्ही सगळेच ती विसरलेलो. आमच्या गटाचे सर ट्रे हलवायला वाकले, म्हणाले, सामान बांधायचंय. मी म्हटलं, "सर, ढवळू नका." त्यांच्याशी अशी मी कधी बोललेले नव्हते. ते गप उभे राहिले. दुपारी ट्रेच्या कडेने पानाचा तुकडाच चालायला लागला. तांदळाएवढी, शेवाळासारखीच हिरवी. मग दुसरी, पाठीवर पिवळे ठिपके असलेली. सर वाळूत गुडघे टेकून बसले आणि ओल्या अंगांनी सगळे ट्रेभोवती जमले. मी रडले गं, सगळ्यांसमोर.

हे पाठवायला तू कुठे आहेस आता. घडी घालून ओट्याच्या खणात ठेवून देईन. एक कबूल करते, रागावू नकोस. फ्लॉवर मी अजूनही खात नाही. तरी आज आणलाय, तुझ्या परातीत मीठ-हळद घालून ठेवलाय, आणि हे लिहिताना मधूनमधून बघतेय, हात न लावता.