गाडी विकायची नाही, चाकं मोजून घेतली आहेत

संगमनेर
शनिवार, दुपार

प्रिय गिदोनदादा,

तुला आणि एस्तेरवहिनीला माझा प्रेमाचा सलाम. तुझं पित्त, वहिनीचे गुडघे आणि तुमच्या पुण्याच्या इमारतीची लिफ्ट, हे तिन्ही सध्या सुरळीत असतील अशी आशा करते. मी प्रभूच्या कृपेने ठीक आहे. तुझा निरोप मिळाला. निरोप कसला, हुकूमच तो! जेम्सची गाडी महिन्याच्या आत भंगारात घाल, बासष्टाव्या वर्षी बाईमाणसाने एकटीने गाडी हाकू नये, एसटीला अर्धं तिकीट आहे. दादा, मी तुझ्या धाकात वाढले, पण हा हुकूम मी मानणार नाही. का ते सांगते, मधे बोलू नकोस. (मधे बोलता येत नाही म्हणूनच फोन न करता पत्र लिहिते आहे.)

सुरुवात तुझ्या चिरंजीवांपासून. माझ्या गाडीची चाकं गंजली होती, तेव्हा डॅनीने नाताळात आपल्या जुन्या गाडीची चार चाकं आणून दिली. (इतरांचे भाचे आत्याला केक आणतात, माझा चाकं आणतो, आणि मला त्याचा अभिमान आहे.) भोकं जुळली, नट बसले, डॅनी पुण्याला परतला. दुसऱ्या दिवशी मी बाजाराच्या कोपऱ्यावर वळले तर पुढचं चाक आत कुठेतरी करकचून घासलं, आणि खड्ड्यात गेले तर मागचंही. चाकाला ऑफसेट नावाचं एक माप असतं, ते आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं. सहावीच्या मुलींना सांगितलं असतं तसं सांगते. चाकाच्या रुंदीच्या बरोबर मध्यावर मनातल्या मनात एक रेघ काढ. चाक ज्या पत्र्याने गाडीला टेकतं, तो पत्रा त्या रेघेपासून किती आत किंवा बाहेर आहे, ते हे माप. पत्रा बाहेरच्या अंगाला जास्त असला की सगळं चाक गाडीच्या पोटाकडे सरकतं. डॅनीची चाकं बारा मिलिमीटर जास्त सरकली होती.

मी गाडी भिमाजीकडे नेली. भिमाजी आमच्या रस्त्याच्या टोकाला ट्रॅक्टर दुरुस्त करतो. त्याच्या मुलीला मी शिकवलं आहे, त्यामुळे तो मला कशालाच नाही म्हणत नाही, आणि तिथेच घात झाला. "त्यात काय एवढं, बाई? ट्रॅक्टरची चाकं न्हाई का आपन उलटी टाकीत? कांद्याला आत, उसाला बाहेर!" तुला पुण्यात राहून विसर पडला असेल, पण आपल्याकडे सऱ्यांच्या अंतराप्रमाणे ट्रॅक्टरचं चाक फिरवून उलटं लावतात, हे रोजचंच आहे. भिमाजीने तेवढ्याच मायेने माझी मागची दोन्ही चाकं उलटी लावली. पुढची उलटी बसेनात, म्हणून तिथे प्रत्येक बोल्टावर चार-चार वॉशर चढवले. मागची चाकं वीतभर बाहेर आली. गाडी अंडी उबवायला बसलेल्या कोंबडीसारखी दिसू लागली. (मला ती मनातून आवडली, हे कबूल करते.)

तशीच मी शेजारच्या रतनबाईला घेऊन पारनेरला निघाले. तिच्या लेकीकडे बारसं होतं. घारगावच्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागलं. रतनबाई म्हणाली, "बाई, गाडीला हिव भरलंय." मी म्हटलं, रस्ता खराब आहे. "रस्ता तर माझ्या सुनंच्या भाकरीवानी सपाट हाय," ती म्हणाली. इतक्यात बाजूने एक टेम्पोवाला ओरडत गेला, "मावशी, तुमच्या आधी तुमचं चाकच पोचतंय मुक्कामाला!" उतरून पाहिलं तर मागच्या चाकाचा एक नट गायब आणि आणखी दोन नट नुसत्या बोटाने फिरत होते. गाडीच्या नटाला निमुळतं तोंड असतं आणि ते चाकाच्या बाहेरच्या बाजूच्या खळग्यात बसतं. चाक उलटं केलं की खळगा गेला आत आणि नट राहिला उघड्यावर. पुढच्या चाकांना वॉशरांमुळे नटाला जेमतेम तीन आटे मिळाले होते. मी हे डॅनीला फोनवर सांगितलं, त्याने तुला एवढंच सांगितलं असणार, आणि तुला लगेच भंगारवाला आठवला. घाबरले का? हो. रस्त्याकडेच्या दगडावर बसून रतनबाईचा हात घट्ट धरला होता. पण ज्या गाडीत जेम्सने मला गळीत हंगामानंतरच्या रिकाम्या कारखाना रस्त्यावर क्लच शिकवला, (नवरा असून तो ओरडला एकदाही नाही, फक्त खिडकीबाहेर बघून स्तोत्र गुणगुणायचा, किंचाळण्याची ती त्याची पद्धत होती) ती गाडी मी चार नटांपायी सोडू?

गाडी टेम्पोवर चढवून मी नगरच्या कानिफनाथकडे नेली. त्याचं लेथचं वर्कशॉप आहे. चाकं बघून त्याने कपाळाला हात लावला. मी म्हटलं, मधला पत्रा कापून हवा तिथे वेल्डिंग करून दे. तो म्हणाला, "तसलं चाक मी माझ्या सासऱ्याच्या गाडीलाबी लावनार न्हाई, आन आमचं दहा वर्सं बोलनं न्हाई." मग मोजमाप सुरू झालं. तो पट्टी तिरकी धरत होता. कॉन्व्हेंटात सिस्टर एंजेला अशा हातावर तीच पट्टी मारायच्या. मी ती काढून घेतली, चाकावर सरळ फळी आडवी ठेवून टेकणाऱ्या पत्र्यापर्यंतचं अंतर स्वतः मोजलं. "बाई, कुटं शिकला?" "कॉन्व्हेंटात." "तितं गाड्या शिकवत्यात?" मी पुढचं चाक मोजायला घेतलं. त्याने ॲल्युमिनियमच्या सबंध तुकड्यातून बारा मिलिमीटर जाडीची चार कडी कातली, आत गाडीच्या हबच्या गोल उंचवट्यावर घट्ट बसणारी आणि बाहेर चाकाला नेमकं मध्यावर धरणारी. बोल्ट लांब घातले, म्हणजे नटाला पूर्वीइतकेच आटे मिळतात. चाकं सुलटी लावली, नट समोरासमोरचे आलटून-पालटून किती आवळलं ते दाखवणाऱ्या मापाच्या पान्याने आवळले. टायर गाडीच्या अंगाबाहेर डोकावत नाही आणि आतही घासत नाही. शंभर किलोमीटरनंतर नट परत तपासायचे, असं त्याने बजावलं. काल दारात स्टूल टाकून मी ते स्वतः तपासले. सगळे जागच्या जागी होते.

तेव्हा गाडी राहणार, आणि मी ती चालवणार. डॅनीला रागावू नकोस.

तुझं न ऐकणारी, तुझीच
रेबेका

ता.क. भिमाजीलाही नावं ठेवू नकोस. तो खरोखर ओशाळला आहे. ते कडं कसं असतं ते मुद्दाम बघून गेला, आणि विचारलं, "ह्ये ट्रॅक्टरला व्हईल का?"

ता.क. एक तपासणी राहिली आहे. गाडी माणसांनी पूर्ण भरून गतिरोधकावरून न्यायची आणि दोन्हीकडे पूर्ण वळवायची. कुठे घासलं तर कानिफनाथ म्हणतो गाडी बाहेर काढायची नाही. रतनबाई भरते चाळीस किलो, तिची सून त्याहून कमी. सिमेंटच्या गोण्या ठेवता येतील, पण मला तू हवा आहेस. ब्याण्णव किलो, एस्तेरवहिनीनेच सांगितलं. घासलं तर किल्ली तिथेच तुझ्या हातात देईन, हा माझा शब्द.

ता.क. जेम्सच्या मातीनंतर तू या घरी आला नाहीस. तीन वर्षं झाली. त्याच्याशिवाय दार उघडलेलं तुला बघवत नाही, हे मला कळतं. मलाही रोज उघडावं लागतं. उपाशीपोटी वजन कमी भरेल, म्हणून आदल्या दिवशी मुक्कामालाच ये. मटण करते. आणि घासलं नाही, तर परत पुण्याला मी सोडीन.