बोळातला आरसा

४ मार्च

चि. पिटुकल्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पन्नाशी उलटली तरी तू मला पिटुकलाच, तेव्हा नाक मुरडू नकोस. पायाचं प्लास्टर काढलं. डॉक्टर म्हणतात हाड झकास जुळलंय, आता चाला. मी त्यांना सांगितलं, पाय उचलतच नाही. तुला म्हणून सांगते, उचलतो. पण भीती वाटते रे. पुन्हा पडले तर? आणि तेही सुनेच्या देखत? छे! सगळा जन्म दुकानात कापायच्या टेबलाशी उभ्याने काढला. तिथे परत उभी राहीन, की या मागच्या खोलीतच माझा मुक्काम, काही कळत नाही.

त्यात शाळेतल्या मुलांच्या शर्टांची मोठी ऑर्डर आलीय आणि तुझा भाचा बोटीवर. सूनबाई एकटी. पोरगी गुणाची आहे, पण कात्री अशी चालवते की कापडाचीच कीव यावी. निदान इथून दिसलं असतं! पण मध्ये तो बोळ, आणि बोळाला काटकोनात वळण. तू आरशांच्या कारखान्यात जन्म घालवलास, सुचव काहीतरी.

तुझी, जागच्या जागी कुढणारी,
ताई

९ मार्च

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

अगं, एवढंच ना! पत्र वाचून मी टुणकन उडीच मारली. उजेड नाकासमोर चालणारा प्राणी, वळणावर आपला आपण वळत नाही. पण वाटेत आरसा आला की जेवढा तिरका येतो तेवढाच तिरका परत फिरतो. तेव्हा बोळाच्या कोपऱ्यात आरसा अर्धा काटकोन तिरका लावायचा, की दुकानातला उजेड थेट तुझ्या खाटेपर्यंत! माझ्या हाताने कापून, कडा घासून पाठवतोय. कसा लावायचा ते सूनबाईला वेगळं लिहिलंय. तू दार सताड उघडं ठेव आणि खाटेवरून राज्य कर. आणि ती दुकानात असताना जरा चालून बघ गं, कोण बघतंय?

लोभ आहे तेवढा तरी राहू दे.
तुझा पिटुकला

१८ मार्च

चि. पिटुकल्यास,
अ. उ. आ.

अरे, काय जादू केलीस! टेबल, कात्री, गिऱ्हाईक, सगळं दिसतं. पहिल्या दिवशी मी जेवायचंसुद्धा विसरले.

पण दुसऱ्या दिवशी जरा नीट निरखलं. सूनबाई डाव्या हाताने कापतेय! आणि कहर म्हणजे, टांगलेल्या सगळ्या शर्टांना मुलींच्या ब्लाउजसारखी डावीकडे बटणं! शाळेत मुलं फिदीफिदी हसतील, दुकानाचं नाव मातीत जाईल. आणि मला बोलायची चोरी. आरसा लावताना मीच तिला शब्द दिलाय, नुसती करमणूक म्हणून बघेन, चकार शब्द काढणार नाही. सांग आता, बोलू की गप्प बसू?

ता. क. खाटेची कड धरून चालायला लागलेय. तू म्हणतोस तसं, कोण बघतंय!

तुझी, घायकुतीला आलेली,
ताई

२२ मार्च

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

एवढा हसलो की आजूबाजूची माणसं गोळा झाली. ताई, गिऱ्हाइकांना जन्मभर आरशापुढे उभं केलंस आणि हे विसरलीस? आरशात उजवं ते डावं दिसतं. पोरगी उजव्याच हाताने कापते आणि बटणंही जागच्या जागी आहेत. खोटं वाटत असेल तर दाराकडे पाठ करून बस, तुझा छोटा आरसा हातात धर आणि त्यातून मोठ्या आरशात बघ. एकाने उलटं केलेलं दुसरा सुलटं करतो. बोलली नाहीस हे फार बरं झालं.

कान ओढलेस तरी माया कमी करू नकोस.
तुझा पिटुकला

३० मार्च

ति. मामांना,
सा. न. वि. वि.

तुम्ही बजावलं होतंत म्हणून आईंना अजून काही सांगितलेलं नाही. त्यांना आरशातून मी दिसते, तर त्याच वाटेने मला त्याही दिसणार, हे त्यांच्या ध्यानातच आलेलं नाही! रोज खाट धरून फेऱ्या घालतात, अधूनमधून पायाला दटावतात, आणि त्या पडतील की काय म्हणून मी धावायच्या तयारीत इकडे अर्धी टेबलाबाहेर.

मामा, आज त्यांनी खाट सोडली! नुसत्या काठीवर खिडकीपर्यंत गेल्या! माझी कात्री भलतीकडेच गेली, एक बाही वाया गेली, पण मी गिऱ्हाइकासमोर टाळ्या वाजवल्या. सांगून टाकू का आता? की लाजून पुन्हा खाट धरतील? मला तर कधी एकदा सांगते असं झालंय.

आशीर्वाद असावेत.
तुमची सून

५ एप्रिल

लबाडा,

आशीर्वाद मागाहून, आधी कान धर!

काल छोटा आरसा घेऊन, दाराकडे पाठ करून बसले. बटणं बरोबर होती. मनातल्या मनात पोरीची माफी मागितली. मग वळून मोठ्या आरशात बघितलं, तर ती माझ्याकडेच बघत होती. मी भुवया उंचावल्या, ती दचकली. मी बोट दाखवलं, तिने जीभ चावली. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. म्हणजे माझं लडखडणं, खाटेला लोंबकळणं, पायाशी भांडणं, सगळं हिने बघितलं! आणि 'कोण बघतंय' म्हणणारा तू!

अंगाचा तिळपापड झाला. उठले आणि तरातरा निघाले जाब विचारायला. बोळ ओलांडला, वळण घेतलं, दुकानात शिरून टेबलावर मूठ आपटली. पोरगी रडतेय, हसतेय. नुसती माझ्या हातांकडे बोट दाखवत राहिली. बघते तर काय, हात रिकामे! काठी मागे खाटेवरच. अरे, मला रडू आवरेना. तिला घट्ट जवळ घेतलं, किती वेळ कोण जाणे.

हे पत्र कापायच्या टेबलावर लिहितेय, उभ्याने! सूनबाईला दम देऊन माझ्या खाटेवर आडवी केलीय, कित्येक दिवसांत ती धड टेकलेली नाही. झोपलीय का ते इथून आरशात बघत होते. आत्ताच तिने एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं.

लोभ असाच दोन्हीकडून येत-जात राहो.
तुझी, उभी असलेली,
ताई