डावीकडचा ब्रेक

दि. ९ मार्च, सकाळ
गॅरेज

ती. बाबा,

नमस्कार. ‘साष्टांग’ लिहिणार होतो, पण तुम्ही म्हणाल, जाताना दार आपटतो आणि कागदावर लोटांगण घालतो. म्हणून साधाच. माझा फोन तुम्ही उचलत नाही, आणि आईकडे निरोप दिला की ती त्यात साखर घालून पोचवते. पत्र निदान फाडायच्या आधी तरी वाचाल.

मी बरा आहे. वेळेवर जेवतो. गॅरेजच्या माळ्यावर झोपतो. केस कापलेत, हे आईला सांगा.

तुमची गाडी चालते. हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचताना ते लक्षात असू द्या. मी सरांच्या टेबलावर फाइल आपटून कॉलेज सोडलं, त्या दिवशी तुम्ही म्हणालात, “तुझं सगळंच अर्ध्यावर.” मी चावी उचलली आणि म्हणालो, भंगारात देऊ नका, विजेवर चालवून दाखवतो. सात महिने झाले. पेट्रोलचं इंजिन उतरवलं, तिथे मोटर बसवली. टाकीच्या जागी आणि डिकीत बॅटऱ्या आल्या. गिअरबॉक्स तुमचाच आहे. बावीस वर्षं शिकाऊ लोकांनी त्याचे हाल केले, तो तिसऱ्या गिअरला अजून कुरकुरतो. इंजिन विकलेलं नाही. तेल लावून ताडपत्रीत गुंडाळून ठेवलंय.

बॅटऱ्या तिने जोडल्या. ती म्हणजे तुमच्याकडे गाडी शिकलेली, कॉलेजात माझ्या एक वर्ष पुढची. पहिल्या दिवशी नऊ वेळा गाडी बंद पाडून वर तुम्हालाच “काका, तुमची गाडी आळशी आहे” म्हणाली होती, तीच. तिने कॉलेज पुरं केलं, आता बॅटऱ्यांच्या कारखान्यात आहे. सुट्टीच्या दिवशी इथे येते. यायची. गॅरेजात तिला सगळे ‘बॅटरीवाल्या बाई’ म्हणतात. मी काय म्हणतो ते विचारू नका. तिने मोजणी करताना केसांत पेन्सिल खोचली की माझ्या हातातला पाना कितीचा आहे, तेही मला आठवत नाही. एवढं पुरे.

इथल्या मिस्त्रींची एक रीत आहे. इंजिन उतरवण्याआधी ते चाकं फिरवण्याशिवाय आणखी काय काय करत होतं, ते खडूने भिंतीवर लिहायचं. त्या प्रत्येक कामाची दुसरी सोय झाली की एकेक ओळ पुसायची. मला कुठला दम! मी म्हणालो, “इंजिन चाकं फिरवतं, मोटरही फिरवते. संपली यादी.”

मिस्त्री म्हणाले, “घरातलं मोठं माणूस गावाला गेलं की मग कळतं, ते काय काय करत होतं.”

मी हसलो.

मागच्या महिन्यात गाडी पहिल्यांदा गॅरेजच्या आवारात फिरली. ब्रेक जरा जड लागला, मला वाटलं पॅड नवे आहेत. मिस्त्रींनी बजावलं, “यादी झाल्याशिवाय फाटकाबाहेर न्यायची नाही.” आणि ते जेवायला गेले. ती आली होती. मला तिला दाखवायचं होतं.

गाडी भिंतीवर घातली, हे आईने सांगितलंच असेल. मी एकटाच होतो असं मीच तिला सांगितलं होतं. एकटा नव्हतो, बाबा.

फाटकाबाहेर लगेच उतार आहे. मी ब्रेकवर पाय दिला आणि पाय दगडावर पडला. तुमचा पहिला धडा: “उतारावर इंजिन बंद करायचं नाही. इंजिन हवा ओढतं, त्या ओढीने ब्रेकला जोर मिळतो. बंद केलंत तर ब्रेक दगड होईल.” लहानपणी मागच्या सीटवर बसून हे मी हजारदा ऐकलंय. शिकाऊच्या आधी मीच म्हणायचो. आणि मी इंजिन कायमचं बंद केलेली गाडी उतारावर सोडली. मोटर श्वास घेत नाही.

शेजारच्या सीटवरून तिने डावीकडे पाय मारला, शिकवताना तुम्ही दाबायचात त्या दुसऱ्या ब्रेकवर. जुन्या ओळखीने. तिथे पेडल नव्हतं. शिकवणीची गाडी वाटू नये म्हणून मी ते काढून टाकलं होतं. दोघांच्या पायांचा जोर मिळून गाडी थांबलीही असती.

तिचं उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं.

अजून सगळं सांगून झालेलं नाही. दवाखान्यात तिच्या वडिलांनी विचारलं, “झालं काय?” मी म्हणालो, “गाडी जुनी आहे. बाबांनी ब्रेक बघितले नव्हते.” तोंडातून निघून गेलं असं लिहिणार होतो. पण निघून नाही गेलं, मी म्हटलं. दर सोमवारी गाडीखाली आडवं होऊन ब्रेक तपासणाऱ्या माणसाबद्दल म्हटलं.

गेल्या रविवारी त्यांच्या घरी गेलो. दारातच सांगितलं, “ब्रेक बाबांचे ठीक होते. त्यांचा जोर मी काढून घेतला.” त्यांनी आत बोलावलं नाही, पण ऐकून घेतलं.

“वडिलांना सांगितलंस हे?”

“नाही.”

“मग आधी इथे कशाला आलास?”

त्यांनी दार लावलं. आपटलं नाही.

दोन दिवसांनी तिचं पाकीट आलं. इंजिनाऐवजी ब्रेकसाठी हवा ओढणारा विजेचा छोटा पंप कसा जोडायचा, त्याचं चित्र. डाव्या हाताने काढलेलं, वायरी गांडुळासारख्या वळवळणाऱ्या. खाली एकच ओळ: ‘काकांना कळव, मग मला.’ कागद उशाखाली ठेवणार होतो. भिंतीवर लावला, कामाचा आहे.

पंप बसवलाय. पुढचा पत्रा सरळ केलाय. मिस्त्रींनी सपाटीवर वीस वेळा ब्रेक मारून पाहिला. यादीही लिहिली, सोळा ओळी झाल्या, सोळाही पुसल्या. सतरावी माझी आहे: ‘डावीकडे कोण?’

आरटीओची तपासणी २८ तारखेला आहे. गाडी तुमच्या नावावर, त्यामुळे पेट्रोलची विजेवर केल्याच्या अर्जावर सही तुमचीच लागते. तुमची सही मला हुबेहूब येते. सातवीत प्रगतिपुस्तकावर दोनदा केली आहे, तेही आजच सांगून टाकतो. या वेळी करणार नाही. अर्ज सोबत आहे. सही नाही केलीत तरी गाडी टोचन करून तुमच्या दारात आणून उभी करीन, पण पूर्ण करूनच. अर्ध्यावर नाही.

मात्र सहीच्या आधी एकदा या. डावीकडचं पेडल परत बसवलंय. तेच, तुमच्या बुटाने एका अंगाने झिजलेल्या रबराचं. उतारावर मी चालवतो, तुम्ही शेजारी बसा. चुकलो तर दाबा, नेहमीसारखे ओरडा. नाही चुकलो, तर खाली पोचेपर्यंत पाय पेडलवरून काढून घ्या. बोलू काही नका. मला कळेल.

आईला नमस्कार.

तुमचा, अजून शिकाऊ असलेला,
मुलगा