ओटा फोडण्याविषयी

मी खाली सही करणारी, वय अडुसष्ट, निवृत्त प्रयोगशाळा सहायक, पूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीने हे मृत्युपत्र लिहिते. मला राग आहे, पण तो जुना आहे. त्याने बुद्धीला बाधा येत नाही, असा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहते घर सुनेला. मुलाला नाही. कारण पुढे येईल.

२. ताबा मिळताच सुनेने स्वयंपाकघरातला दगडी ओटा फोडावा. बावीस वर्षांपूर्वी माझ्या यजमानांनी आलेल्या गवंड्याला मजुरी वाचवायला परत पाठवले आणि "आपला हात जगन्नाथ" म्हणत ग्रॅनाइट स्वतः बसवले. उंची धरली स्वतःच्या कोपराची. ते सहा फुटी, मी पाच फुटांना दोन बोटे कमी. त्या ओट्याशी त्यांनी जन्मात चहासुद्धा केला नाही. दोन दगडांमध्ये बोटभर फट राहिली. तिच्यात खरकटे जाते, झुरळे निघतात. रोज जुन्या ब्रशने ती घासताना मला शिसारी येते, दगडाची आणि त्या काटकसरीचीही.

३. स्वयंपाकघरातला लाकडी पाट धाकट्या दिरांना. "वहिनी, पाटावर उभ्या राहा की, त्यात काय एवढं," हे त्यांचे बोल. त्यावरून मी दोनदा पडले. आता त्यांनी उभे राहून पाहावे.

४. बँकेतली ठेव आणि त्याच्या वडिलांची हत्यारे मुलाला. त्यातली पातळी तपासायची पाणसळ अजून वेष्टनातच आहे. परवा चिरंजीव म्हणाले, "आई, नवा ओटा मीच बसवतो. व्हिडिओ पाहिलेत मी." सून माझ्याच उंचीची. ती गप्प बसली, जशी तेव्हा मी बसले होते. त्याने दगडाला हात लावल्यास ठेवही सुनेला जाईल.

५. साक्षीला मुद्दाम त्याच गवंडीबुवांना बोलावले. "ताई, कोपर वाकवा बघू," असे तेव्हा मला म्हणणारे ते एकटेच. आज मसुदा वाचून त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, "घर तुमचं. मग फोडायला मरायची वाट कशाला बघताय?"

यजमान जाऊन सहा वर्षे झाली. त्यांच्या नावाने बोटे मोडत सहा वर्षे पाटावर चढत राहिले ती मीच. दगडापेक्षा स्वतःचीच जास्त किळस आली.

सबब कलम २ रद्द. ओटा सोमवारी फुटेल. पाटही त्याच दिवशी दिरांकडे पोचता होईल. नव्या ओट्याला माप सासूसुना दोघींच्या कोपरांचे, ते गवंडीबुवांनी आताच घेतले. बाकी कलमे कायम.

साक्षीदार: १. गवंडी २. घरचे डॉक्टर

ठिकाण: जेवणाचे टेबल
दिनांक: ११ ऑक्टोबर २०२५, शनिवार

सही
घरमालकीण