अपघातमुक्त चौकाची मुदतवाढ

प्रिय मालती,

पहाटेपासून दोनदा चहा केला, दोन्ही वेळा गार झाला. उद्या सकाळी कचेरीत बैठक आहे आणि मला चैन नाही. तुझ्याशी बोलल्याशिवाय जायचं तरी कसं?

हायवेच्या ज्या चौकात तू अपघातात गेलीस, तिथे नंतर सिग्नल बसला, पांढरे पट्टे आले, शिट्टी घेतलेल्या वॉर्डन बायका उभ्या राहिल्या. सगळं सरकारच्या रस्ते सुरक्षा योजनेतून. त्या योजनेचा निधी महिनाअखेर संपतोय. उद्याच्या बैठकीत मुदतवाढ मिळाली नाही तर वॉर्डन घरी, आणि सिग्नल बिघडला की बिघडलेलाच! आपल्या फुलपाड्यातल्या किती बायका तो रस्ता ओलांडून पलीकडे कामाला जातात. आपली सूनही.

आठवतं, मी चालता चालता शाळेतल्या कविता म्हणायचो आणि तू बाही ओढायचीस? "वृत्त नंतर मोजा, आधी ट्रक बघा!" मग तुळशीचं रोप आणायला त्या दिवशी एकटीच का गं गेलीस? मला हाक मारायला काय झालं होतं?

आता तिथे अर्नाळ्याची कल्पना उभी असते. शिट्टीपेक्षा तिचा आवाज मोठा. "काका, सपनं घरी बगा! हिरवा होऊ द्या!" परवा म्हणाली, "पुढल्या महिन्याला आमी नाय. तुमाला कोन अडवनार?" मी हसलो. घरी येऊन महिनाअखेरपर्यंतचे दिवस मोजत बसलो.

आणि घोळ कोणी घातला, ऐकायचंय? आपणच! शेजारच्या राणेभाऊंनी सोसायटीतर्फे वॉर्डन बायकांचा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, आणि खांबाला हा एवढा बॅनर: 'अपघातमुक्त चौक!' कचेरीतल्या साहेबांनी त्याचाच फोटो योजनेच्या फायलीला लावला. म्हणाले, "इथे अपघातच होत नाहीत, मग निधीची मुदत कशाला वाढवायची?"

राणेभाऊ डोक्याला हात लावून बसलेत. काल वैतागून म्हणाले, "काका, आता काय एखादा मेलेला आणून दाखवायचा?"

मी म्हटलं, "आणायला कशाला हवा? माझ्या भिंतीवर आहे की."

तुला राग आला का गं, मी असं बोललो म्हणून? तोंडातून निघून गेलं. पण रात्रभर तेच घोळत राहिलं.

मघाशी तुझा फोटो खाली उतरवला. हार काढला, काच पुसली. भाषण मला जमत नाही. साहेब लोकांपुढे माझी जीभच वळत नाही. म्हणून तुलाच नेतोय. त्यांच्या टेबलावर, त्या बॅनरच्या फोटोशेजारी ठेवणार.

वचन देतो, लेखी उत्तर हातात पडेपर्यंत तुला तिथून उचलणार नाही. शिपायाने उठवलं तरी नाही. तू फक्त साहेबांकडे बघत राहा. त्या नजरेपुढे मी तरी कधी टिकलोय?

तुझाच,
यशवंत