घराकडे उतरणारं अंगण

प्रिय बेबी,

आठवतं तुला, मागच्या अंगणातली शेवटची फरशी बसवून तुझ्या दादाने ऐटीत बादलीभर पाणी ओतलं होतं? आपण दोघी पायरीवर मटार सोलत होतो. पाणी बागेकडे जायचं सोडून सरळ स्वयंपाकघरात शिरलं आणि तुझी एक चप्पल तरंगत ओट्याखाली गेली. तू पोट धरून हसलीस. म्हणालीस, दादा, तू शाळेत भूगोलच शिकवतोस ना? तर हा पठ्ठ्या म्हणतो कसा, पाण्यालासुद्धा कळतं, घर कुठे आहे ते! लग्नाला जेमतेम महिना झाला होता. तोवर मी तुला 'वन्सं' म्हणत होते. ओणवं होऊन तुझी चप्पल शोधताना 'बेबी' कधी झालीस, कळलंच नाही.

शाळेतल्या सिस्टर बजावायच्या, पत्राचा मुद्दा पहिल्याच परिच्छेदात हवा. मी तो शेवटाला ठेवलाय. तो वाचल्यावर तू या टेबलाशी माझ्याबरोबर चहाला बसशील की नाही, एवढीच मला धाकधूक आहे. बाकी मी अगदी मजेत आहे.

उतार चुकला हे तुझ्या दादाने कधी कबूल केलं नाही. अंगण धुवायचं तर उंबऱ्याशी जुन्या टॉवेलांची वळकटी लावायची. तिला तो 'धरण' म्हणायचा. पण त्या अंगणाने काय काय दिलं आपल्याला! थंडी सरली की जेवणाचं टेबल बाहेर यायचं, ते पाऊस लागेपर्यंत आत जायचं नाही. जुईच्या मांडवाखाली सकाळचा चहा. पुदिन्याच्या वाफ्याशी तुझी आणि दादाची पत्त्यांवरून भांडणं. संध्याकाळी तापलेल्या फरशीवर पाणी मारलं की पायाखालून वाफ यायची, आणि आपण तिघंही अनवाणी. तुझ्या लेकीने पहिलं पाऊल तिथेच टाकलं, टेबलाचा पाय धरून. मला मूल नाही, हे त्या दिवशी मी साफ विसरले होते.

दादा गेल्यावर दोन उन्हाळे टेबल आतच राहिलं. एकटीसाठी कशाला, असं वाटायचं. यंदा मात्र ते बाहेर आहे. कोपऱ्यावरचे चष्मेवाले, ज्यांना तू 'बारीक अक्षर' म्हणतेस, माझा चष्मा द्यायला आले तेव्हा मी धरणच लावत होते. आजवर जो गवंडी आला, त्याने एकच सांगितलं होतं, फरशी उखडा. हे गुडघ्यांवर बसून पाणी बघत राहिले आणि म्हणाले, उतार असू दे, पाण्याला वाट देऊ या. पायरीलगतच्या मातीत त्यांनी वीतभर रुंद पाट खणला. आता सगळं पाणी लिंबाच्या झाडाला जातं. तुझ्या दादाची एकही फरशी हलली नाही, बेबी. मग टेबलाची एक बाजू त्यांनी धरली, दुसरी मी. तेव्हापासून पाणी नीट जातंय ना, हे बघायला ते रोज संध्याकाळी येतात. पाणी रोज नीटच जातं.

तर ऐक. पुढच्या रविवारी सकाळी, जुईखाली, त्याच टेबलावर आम्ही लग्नाच्या कागदावर सह्या करणार आहोत. परवानगी मागत नाही. ती मी स्वतःच स्वतःला देऊन टाकली. पण तुझ्याआधी कुणालाही सांगितलेलं नाही, आणि तुझी खुर्ची रिकामी राहिलेली मला चालणार नाही. मी त्यांच्या दुकानावरच्या खोल्यांत राहायला जाईन. गच्ची आहे, कुंड्या मावतील. हे घर तुझ्या लेकीला. तिच्या बाळाला रांगायला फरशी हवी. तिला सांग, उतार बदलायचा नाही, आणि टेबल थंडी सरताच बाहेर. लिंबं उतरली की निम्मी तुझी. दादाची फरशी बसवायची थापी तुला, कारण त्याच्यावर हसायचा पहिला मान तुझा. जुईची एक फांदी कुंडीत लावून मी नेईन. धरणाचे टॉवेल 'बारीक अक्षर' मागताहेत. त्यांच्या गच्चीचाही उतार घराकडेच आहे, मेला! आणि 'वहिनी' ही हाक मात्र मी कुणालाच देत नाहीये. ती माझ्याकडेच राहू दे. रविवारी येशील तेव्हा दारातूनच मार.

तुझीच,
वहिनी